शिडी कोणाची होती?

पत्र : "ताई, माझे मिस्टर वायरमन आहेत. सातपूरच्या एका कंपनीत नऊ वर्षं होते. २०२१ मध्ये ती बंद पडली, तेव्हापासून स्वतःचं काम करतात. यंदा संक्रांतीनंतरच्या आठवड्यात पाथर्डी फाट्याजवळ एका नव्या बिल्डिंगमध्ये फिटिंग करताना शिडीवरून पडले. टाचेचं हाड फुटलं, प्लेट टाकावी लागली. प्रायव्हेट हॉस्पिटलात १ लाख ४० हजार गेले. डॉक्टर म्हणतात, चार महिने पायावर भार द्यायचा नाही. माझा भाऊ अंबडला कंपनीत आहे. त्याचा हात मशीनवर मोडला तेव्हा त्याला घरी बसून पैसे मिळाले. म्हणून मी ईएसआयच्या ऑफिसात गेले, रोजगार केंद्रात गेले, सेतूत गेले. सगळीकडे एकच प्रश्न, 'कंपनी कोणती?' कंपनी नाही म्हटलं की बोलणं संपतं. एक एजंट अडीच हजार मागतोय, म्हणतो ई-श्रम कार्डावर महिना ३ हजार चालू करून देतो. मिस्टरांचे मित्र म्हणतात, ओळखीच्या वर्कशॉपमध्ये कागदोपत्री नाव लावू, मग ईएसआय मिळेल. मी पोळी-भाजीचे डबे देते, रोजचे चौदा. कर्जाचा हप्ता ७,८०० आहे. आमच्यासारख्यांना काहीच मिळत नाही का?
— एक बहीण, सिडको, नाशिक"

प्रिय ताई,

तीन ऑफिसांत तुम्हाला विचारलेला तो एक प्रश्न वाचून मी बराच वेळ पत्र हातात धरून बसले. माझे वडील रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. मी सातवीत असताना त्यांना कावीळ झाली आणि दुकानाचं शटर दीड महिना खाली होतं. समोरच्या बिऱ्हाडातले काका गिरणीत होते, ते आजारी पडले की त्यांच्या घरी निदान काहीतरी यायचं. आमच्याकडे आईच्या बांगड्या गेल्या. 'तुमचा मालक कोण?' हा प्रश्न तेव्हाही होता, आणि मालक नाही याची शिक्षा घरच्यांनी भोगायची ही रीतही तेव्हाचीच.

आधी कडू उत्तर देते, म्हणजे तुमच्या फेऱ्या तरी वाचतील. स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसाला काम बंद पडलं म्हणून दरमहा भत्ता देणारी योजना आपल्याकडे नाही. आजारपणात बुडालेल्या रोजीची भरपाई देणारीही नाही. तुमच्या भावाला पैसे मिळाले ते ईएसआयमधून, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेतून. तिथे कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यातून कामावर इजा झाली तर पगाराच्या ९० टक्के, साध्या आजारपणात ७० टक्के आणि तेही वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, असे पैसे मिळतात. हे सगळं मालकाच्या खात्यावरून चालतं. मालक नसलेल्याला स्वतःहून वर्गणी भरून त्यात शिरायला दारच ठेवलेलं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत असंघटित कामगारांसाठी ईएसआयची वेगळी योजना सरकार आणू 'शकेल' असं लिहिलंय. स्वयंरोजगार करणारेही असंघटित कामगारांतच मोडतात. त्या 'शकेल'ची योजना होईपर्यंत तुमच्या घरात हप्ता कुठून यायचा, याचं उत्तर त्या कलमात नाही. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. शहरातल्या कितीतरी घरांची वीज असल्या माणसांच्या हातून जोडली जाते.

रोजगार केंद्राचंही तेच. महाराष्ट्र सरकार बेरोजगारांना महिना ५ हजार देतं, अशा बातम्या आणि फॉर्म मोबाइलवर फिरत असतात. तसला भत्ता राज्यात नाही. त्या फॉर्मवर आधार आणि बँकेचा नंबर देऊ नका.

पण ताई, तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडले. 'नव्या बिल्डिंगमध्ये फिटिंग करताना शिडीवरून पडले.' दादा, म्हणजे तुमचे मिस्टर, स्वतःचं काम करतात हे खरं. पण त्या दिवशी, त्या जागेवर, ते खरोखर स्वतःचे मालक होते का?

आज रात्री जेवणं झाल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि शांतपणे विचारा. त्या बिल्डिंगवर कोणी बोलावलं? बिल्डरने, की इलेक्ट्रिकलचं काम घेतलेल्या कंत्राटदाराने? किती दिवसांपासून रोज जात होते? सकाळी किती वाजता हजर व्हायचं हे कोण सांगायचं? पाइप, वायर, बॉक्स, स्विच त्यांनी आणले की साइटवरून मिळाले? पैसे पॉइंटच्या, म्हणजे एकेका दिव्या-स्विचच्या जोडणीच्या, रेटने ठरले होते, रोजाने, की पूर्ण मजल्याचं उक्तं? हाताखालचा पोऱ्या त्यांनी लावला होता की कंत्राटदाराने? आणि ती शिडी कोणाची होती?

हे का विचारते ते सांगते. कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, हा कायदा १९२३ चा. तो आता त्या नव्या संहितेत घेतलाय. त्यात तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला महिन्याच्या वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला अर्ध्या वेतनाइतकी रक्कम धरलेली आहे. बांधकामावरचं काम त्यात येतं. माणूस कायम नोकरीत हवा, त्याच्याकडे नेमणुकीचं पत्र हवं, अशी अट नाही. प्रश्न इतकाच असतो की तो खरोखर स्वतंत्र कंत्राटदार होता, की दुसऱ्याच्या सांगण्यावरून, दुसऱ्याच्या सामानाने, दुसऱ्याच्या वेळेवर राबणारा कामगार होता. मुख्य मालकाने काम खाली कंत्राटदाराला दिलं असलं, तरी खालच्या माणसाच्या इजेची जबाबदारी वरच्यापर्यंत पोचू शकते.

दादांनी तीन खोल्यांचं काम स्वतःच्या सामानासकट उक्तं घेतलं असेल, वर चढायचा स्वतःचा घोडा लावून, स्वतःची दोन माणसं नेऊन, तर हा दावा कठीण आहे. खोटी आशा दाखवत नाही. पण ते कंत्राटदाराच्या हाताखाली पॉइंटवर महिना-दीड महिना रोज जात असतील, वायर साइटवरची आणि शिडी सेंट्रिंगवाल्यांची असेल, तर सगळे जण त्यांना 'स्वतःचं काम' म्हणत असले तरी कायद्याच्या डोळ्यांना ते वेगळे दिसू शकतात. आपल्याकडे असंख्य कारागीर असेच आहेत. काम दुसऱ्याच्या हुकमाने करायचं आणि पडल्यावर मात्र 'तू तुझा मालक'.

तुम्हाला 'कंत्राटदाराशी मैत्री आहे, त्याच्याशी भांडायचं कसं' असं वाटेल. दादा तर असंच म्हणतील याची मला खात्री आहे. पुढचं काम त्याच्याकडूनच यायचंय. म्हणून आधी भांडू नका. एक साधं पत्र लिहा : अमुक तारखेला, अमुक साइटवर, तुमच्या कामावर असताना अपघात झाला, चार महिने काम करता येणार नाही, उपचाराचा खर्च आणि बुडालेली रोजी यासाठी मदत करावी. ते पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा, पावती जपा, व्हॉट्सअॅपवरही फोटो टाका. काही जण एवढ्यावर तोडगा काढतात. त्याने कोऱ्या किंवा 'आता काही येणं नाही' अशा कागदावर सही मागितली तर मात्र करू नका, समोर रोख ठेवले तरी.

त्याने दाद दिली नाही तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे जा. उत्पन्न मर्यादेत असलेल्यांना तिथे वकील मोफत मिळतो. १५१०० या नंबरवरही विचारता येतं. सोबत कामगार उपायुक्त कार्यालयात जाऊन दावा कुठे दाखल करायचा ते विचारून घ्या. आणि हो, ईएसआयच्या ऑफिसात पुन्हा एकदा जा, पण या वेळी प्रश्न बदलून. 'माझ्या नवऱ्याला काही मिळेल का' असं न विचारता कंत्राटदाराचं नाव, साइटचा पत्ता आणि अपघाताची तारीख लिहून अर्ज द्या, आणि या कंत्राटदाराने आपल्या माणसांची ईएसआय नोंदणी केली आहे का, करायला हवी होती का, हे विचारा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. लेखी अर्जाला 'कंपनी कोणती' म्हणून परत पाठवणं सोपं नसतं.

यासाठी पुरावा लागेल, आणि तो तुमच्या घरातच आहे. आमच्या वडिलांसारखी दादांचीही एखादी डायरी असेलच, पॉइंट मोजून लिहिलेली. तारीख, मजला, किती पॉइंट, किती उचल घेतली. त्या डायरीचं एकही पान फाडू नका आणि आता नव्याने काही लिहून भरूही नका. फोनवरचे कंत्राटदाराचे मेसेज, 'उद्या तिसऱ्या मजल्याचं डीबी बसवायचंय' असले, स्क्रीनशॉट काढून ठेवा. गूगल पे, फोन पेवर आलेल्या उचलींचं बँक स्टेटमेंट काढा. हॉस्पिटलच्या केसपेपरवर 'कामाच्या ठिकाणी शिडीवरून पडून' असं लिहिलंय का ते बघा. नुसतं 'घरी पडले' असं लिहिलं असेल, तर कोणी आणि का सांगितलं ते मला कळवा.

आता वर्कशॉपमध्ये कागदोपत्री नाव लावण्याबद्दल. तुमचे हितचिंतक मनाने चांगले असतील, पण हे करू नका. अपघात आधीचा, नाव नंतरचं, त्यामुळे या इजेचे पैसे त्यातून येणारच नाहीत. आजारपणाच्या लाभासाठीही सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. वर खोटी माहिती देऊन लाभ घेणं हा गुन्हा आहे. आणि उद्या तुमचा खरा दावा उभा राहिला, तर समोरचा वकील हाच कागद दाखवून दादांना खोटं ठरवेल.

एजंटला एक रुपयाही देऊ नका. ई-श्रम म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी यादी. तिची नोंदणी फुकट होते, आणि त्या कार्डावर महिना ३ हजार चालू होत नाहीत. तो आकडा श्रमयोगी मानधन या वेगळ्या पेन्शन योजनेचा आहे. तिथे १८ ते ४० या वयात नाव घालून दरमहा वर्गणी भरली, तर साठीनंतर ३ हजार मिळतात. ई-श्रमची नोंदणी मात्र दोघांचीही करून ठेवा, पुढे असंघटितांसाठी जे काही येईल त्याची यादी तिथूनच निघण्याची शक्यता जास्त.

पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात, की कंपनी २०२१ मध्ये बंद पडली, नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांच्या पीएफचं काय झालं? तुम्ही काहीच लिहिलं नाही म्हणून विचारते, कारण बंद कंपनीतले कितीतरी जण 'आता सही कोण करणार' म्हणून ते पैसे सोडून देतात. मालकाची सही लागतेच असं नाही. दादांचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, जुन्या पगारपत्रकावर असेल. तो आधार आणि बँक खात्याशी जोडलेला असला, की दावा घरबसल्या ऑनलाइन करता येतो. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदाला ती स्वतः नोंदवता येते, आणि तुमची तर वर्षं उलटलीत. पीएफसोबत पेन्शनच्या खात्यातलेही पैसे असतात. सेवा दहा वर्षांपेक्षा कमी असेल तर तेही एकरकमी काढता येतात. पण सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे नऊ वर्षं आणि सात-आठ महिने भरले असतील तर ती दहा धरली जातील आणि पुढे पेन्शन लागू होईल. नेमकी तारीख बघूनच फॉर्म भरा. माझ्या मते तुमच्या हातात सगळ्यात लवकर येऊ शकणारा पैसा हाच आहे. नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसेल तर थोडा वेळ जाईल, म्हणून उद्याच सुरू करा.

कंपनी बंद पडल्याने नोकरी गेलेल्या ईएसआय कामगाराला राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत दोन वर्षांपर्यंत बेकारी भत्ता मिळू शकतो, हे तेव्हा तुम्हाला कोणी सांगितलं नसणार. ती वेळ आता गेली. हे लिहिताना वाईट वाटतं, पण तुमच्या भावाला मात्र सांगून ठेवा.

कर्जाकडे येऊ. ७,८०० चा हप्ता बँकेच्या कर्जाचा असावा असं धरते. कर्ज घेताना बँकेने त्यातूनच विम्याचे पैसे कापले होते का, ते मंजुरीच्या कागदात बघा. बऱ्याच कर्जांना असा विमा चिकटवलेला असतो आणि घेणाऱ्याला त्याची पॉलिसी कधी दिसतच नाही. काही पॉलिसींत अपघाताने काही महिने काम करता आलं नाही, तर तेवढ्या काळाचे हप्ते विमा कंपनी भरते. 'तात्पुरतं अपंगत्व' हे शब्द शोधा. पॉलिसी नसेल तर बँकेकडून लेखी मागा. कंपनीने दावा नाकारला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही. विमा नसलाच तरी हप्ता थकण्याआधी मॅनेजरला डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडून पत्र द्या आणि काही महिने हप्ता पुढे ढकलून किंवा कमी करून मागा. थकल्यावर गेलं की तीच माणसं वेगळ्या आवाजात बोलतात. शेकडा पाचाने पैसे देणारा गल्लीत असेलच. त्याच्याकडे जाण्याआधी तुमच्या बचत गटात विचारा.

बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर ती सुरक्षा विमा योजना. चांगली आहे, चालू ठेवा, पण ती मृत्यू किंवा हातपाय-डोळे कायमचे गमावण्यासाठी आहे, टाचेच्या फ्रॅक्चरला त्यातून काही नाही. त्यासाठी बँकेत चकरा मारू नका.

हॉस्पिटलचे १ लाख ४० हजार. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण यादीतल्या हॉस्पिटलात आणि यादीतल्या उपचारांनाच. स्वतः भरलेले पैसे नंतर परत मिळण्याची सोय त्यात नाही. ते हॉस्पिटल यादीत असूनही तुमच्याकडून रोख घेतले असतील, तर १५५३८८ वर तक्रार करा. नसेल, तर निदान पुढच्या वेळी, प्लेटचा त्रास होऊन पुन्हा ऑपरेशनची वेळ आली, तर आधी यादीतलं हॉस्पिटल गाठा आणि तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, रेशनकार्ड दाखवा. फिजिओथेरपीसाठी सिव्हिल हॉस्पिटल आहेच.

दादा बरे झाले की दोन गोष्टी करा. नव्या इमारतींवर वर्षात ९० दिवस काम भरत असेल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वायरिंगवाले त्यात येतात, आणि ९० दिवसांचा दाखला खरा घ्या, विकतचा नको. दुसरं, अपघात विमा घेताना फक्त मृत्यूची रक्कम विचारू नका. 'सरल सुरक्षा विमा' नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. त्यात थोडे पैसे जास्त भरून तात्पुरत्या अपंगत्वाचं कलम घेता येतं. १० लाखांच्या पॉलिसीवर आठवड्याला २ हजार, १०० आठवड्यांपर्यंत. तुमच्या चार महिन्यांत त्याचे ३४ हजारांच्या आसपास झाले असते. आजारपणाला ते लागू नाही, फक्त अपघाताला. पण घरात गॅस चालू राहतो. तुमच्यासाठीही हाच प्रश्न आहे, ताई. चौदा डबे तुमच्या दोन मनगटांवर उभे आहेत, तेव्हा एक पॉलिसी तुमच्या नावाचीही असू दे.

आणि दादांना माझा एक निरोप द्या. पायावर भार देता येत नसला तरी डोकं आणि हात चालू आहेत, असं म्हणून ते महिन्याभरात शिडी मागतील. माझे वडील पिवळ्या डोळ्यांनी सोल्डरिंग करायला बसले होते, आणि मग दुसऱ्यांदा पडले ते आणखी दोन महिन्यांसाठी. डॉक्टरांनी सांगितलेले चार महिने पूर्ण होऊ द्या.

आज रात्रीच्या गप्पांत जे निघेल ते मला लिहा. डायरीच्या शेवटच्या महिन्याच्या पानांचे फोटो पाठवा, आकडे वाचता येतील असे. आणि शिडी कोणाची होती ते विसरू नका.

तुमची ताई